चाळीसांतून सहा: ‘परतीची वाट’ या कथाकथन प्रकल्पातली निवड

चाळीस गोष्टी हाताशी होत्या आणि सांगायच्या होत्या सहा.

आम्ही पाच जण सांगणारे. प्रत्येक गोष्ट साधारण वीस मिनिटांची, हातात कागद न घेता समोरच्या माणसांना सांगायची. मग तीच ध्वनिमुद्रित करून कुणालाही कधीही ऐकता येईल अशी ठेवायची. ऐकणारे नऊ वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या माणसांपर्यंत, सगळे एकत्र. सूत्र ठरलं होतं ‘परतीची वाट’. कुणी दुसऱ्या लोकात जातो, कुणी दुसऱ्या लोकातून इथे येतो, आणि मग परतायचं कसं, परतता येतं का, हा प्रश्न उभा राहतो. अशा कथा जगभर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच फार जुन्या आहेत.

निवडीचं काम माझ्याकडे आलं. तीन महिने लागले. त्यातला सर्वांत जास्त वेळ एकाच गोष्टीने खाल्ला. ती घ्यायची की नाही हे ठरवता ठरवता बाकीच्या पाचांकडे बघायची आमची नजरही बदलली. म्हणून या लेखातही तिलाच जास्त जागा दिली आहे.

नकाशा पाहून केलेली यादी

पहिली यादी मी जगाचा नकाशा समोर ठेवून केली. प्रत्येक खंडातून निदान एक गोष्ट हवी, हा माझा हट्ट होता. आफ्रिकेतल्या गोष्टींमधला अनान्सी, जाळं विणणारा चतुर कोळी, आला, उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवासी नावाहो लोकांचा कायोटी (लांडग्यासारखा लबाड प्राणी) आला, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या दोन कथा आल्या. यादी भरघोस दिसत होती. पण त्यातल्या निम्म्या गोष्टी मला फक्त सारांशातून माहीत होत्या, आणि काही तर आमच्या सूत्रात बसतच नव्हत्या. अनान्सी मला मनापासून आवडतो, पण त्याच्या ज्या गोष्टी मी निवडल्या होत्या त्या फजितीच्या होत्या, परतीच्या नव्हत्या. आफ्रिकेची जागा रिकामी राहू नये एवढ्यासाठी तो यादीत बसला होता.

कायोटीपाशी आम्ही पहिल्यांदा खरे थांबलो. नावाहो परंपरेत या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या असा दंडक आहे. साप आणि अस्वलं झोपलेली असतात तेव्हाच. आमचं ध्वनिमुद्रण बाराही महिने खुलं राहणार होतं. म्हणजे गोष्ट घ्यायची आणि ज्या अटीवर ती जगते तीच मोडायची. ‘पण ती पुस्तकात छापलेली आहे की,’ असं आमच्यातला एक जण म्हणाला. छापलेली आहे हे खरं. पण कुणीतरी पूर्वी छापली म्हणून आपल्याला सांगायची मुभा मिळाली, असं मला वाटेना. तो दंडक पाळणारी माणसं आजही आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या कथांचा माग काढताना तर मी हादरलेच. १९३० साली लंडनमध्ये विल्यम रॅमसे स्मिथ यांच्या नावावर आदिवासी कथांचा एक जाडजूड संग्रह निघाला. त्यातला बराच मजकूर डेव्हिड युनायपन यांनी जमवलेला आणि लिहिलेला होता. ते स्वतः आदिवासी लेखक. पुस्तकावर त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या नावाने तो मजकूर वाचकांसमोर यायला २००१ साल उजाडलं. १९९५ पासून याच माणसाचा चेहरा ऑस्ट्रेलियाच्या ५० डॉलरच्या नोटेवर आहे. मी ज्या संकेतस्थळावरून कथा उतरवून घेतली होती तिथे ना युनायपन होते, ना स्मिथ, ना कुठल्या जमातीचं नाव. ‘एक प्राचीन आदिवासी कथा’ एवढंच.

त्या दिवशी यादीला दोन नवे रकाने जोडले: ‘ही कुणाच्या तोंडून आली?’ आणि ‘ते लोक ती केव्हा, कुणाला सांगतात?’ उत्तर सापडलं नाही तर गोष्ट बाजूला. चाळीसच्या सतरा झाल्या. खंडांचा हट्ट मी सोडून दिला. ज्या परंपरेबद्दल आपल्याला धड काही माहीत नाही तिची गोष्ट नुसती जागा भरायला घेण्यापेक्षा तो खंड रिकामा राहिलेला बरा, असं मला आजही वाटतं.

गोष्ट नव्हे, पाठ निवडायचा

पुढची अडचण वेगळी होती. ‘पर्सेफनीची गोष्ट घेऊ’ असं म्हटलं की काम झालं असं आम्हाला वाटायचं. ग्रीक कथा, पाताळाच्या राजाने पळवून नेलेली मुलगी, तिच्या शोधात पृथ्वी ओसाड करणारी आई डिमीटर. मुलगी पाताळात डाळिंबाचे दाणे खाते आणि म्हणून तिला दरवर्षी खाली परतावं लागतं. किती दाणे? तालमीत दोघांनी ठामपणे सांगितलं, सहा. सहा दाणे, सहा महिने. मी जुने पाठ, म्हणजे कथेची वेगवेगळी रूपं, काढले. होमरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ग्रीक स्तोत्रांतल्या डिमीटरच्या स्तोत्रात दाणा एकच आहे, आणि मुलगी वर्षाचा एक तृतीयांश भाग खाली राहते. रोमन कवी ओव्हिडने ही कथा दोनदा सांगितली. एकदा सात दाणे, एकदा तीन. आमचे सहा दाणे अलीकडच्या सोप्या पुनर्कथनांतून आले होते.

एक की सहा, याने काय बिघडतं? पुष्कळ. सहा दाणे आणि सहा महिने म्हटलं की हिशोब होतो. खाल्लंस, आता फेड. एकच दाणा, तोही नवऱ्याने गुपचूप तोंडात घातलेला, म्हटला की आईच्या जिवाची घालमेल ऐकू येते. स्तोत्रात मुलगी भेटल्यावर आईचा पहिला प्रश्न तोच असतो: खाली काही खाल्लंस तर नाहीस ना?

तेव्हापासून पद्धत ठरली. प्रत्येक गोष्टीचे निदान तीन पाठ वाचायचे: सर्वांत जुना लिखित, मिळाला तर कुणा सांगणाऱ्याच्या तोंडून टिपलेला, आणि एखादा आधुनिक. जो तपशील फक्त आधुनिक पाठातच सापडतो तो बहुधा त्या लेखकाचा स्वतःचा असतो, म्हणून तो घ्यायचा नाही. यात सचोटीचा प्रश्न आहेच, शिवाय कायद्याचाही आहे. मूळ कथा सगळ्यांची असली तरी तिचं विशिष्ट पुनर्कथन किंवा भाषांतर लेखकाचं असतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि युरोपीय देशांत ७० वर्षं ते संरक्षित राहतं.

छाटणी आपल्या आधीही झालेली असते, हे विसरू नये. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आज जगभर मुलं जी सावत्र आई ऐकतात ती संपादनाच्या टेबलावर जन्मली. ‘मूळ गोष्ट’ म्हणून आपण जिला हात लावायला घाबरतो तीच कधीकधी सर्वांत जास्त हाताळलेली असते.

सुऱ्या कुठे ठेवल्या

आता त्या गोष्टीकडे येते.

उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांमध्ये काल्सोय नावाचं बेट आहे, त्यावर मिक्लादालुर हे गाव. तिथली ही कथा, ‘कोपाकोनान’, म्हणजे सीलबाई; सील हा समुद्रात राहणारा प्राणी. वर्षातून एका रात्री समुद्रातली सीलं किनाऱ्यावर येतात, कातडी उतरवून माणसं होतात आणि पहाटेपर्यंत नाचतात. एक तरुण लपून बघतो, एका मुलीची कातडी चोरतो. कातडीशिवाय ती परत जाऊ शकत नाही. तो तिला घरी नेतो, कातडी पेटीत कुलूपबंद करतो, किल्ली कमरेला ठेवतो. संसार होतो, मुलं होतात. एक दिवस मासेमारीला गेल्यावर समुद्रात त्याच्या लक्षात येतं की किल्ली घरी राहिली. तो परततो तेव्हा घर रिकामं असतं. मुलं तेवढी घरात असतात. जाण्याआधी तिने चूल विझवलेली असते आणि घरातल्या सगळ्या सुऱ्या, धारदार वस्तू उचलून ठेवलेल्या असतात. मागे मुलांना काही लागू नये म्हणून.

बहुतेक पुनर्कथनं इथेच थांबतात. मिक्लादालुरची कथा थांबत नाही. पुढे गावातले लोक सीलांच्या शिकारीला निघतात. आदल्या रात्री ती नवऱ्याच्या स्वप्नात येऊन विनवते: गुहेच्या तोंडाशी जो मोठा नर पडलेला असेल तो माझा नवरा, आत दोन पिल्लं आहेत ती माझी मुलं, त्यांना मारू नकोस. तो ऐकत नाही. सगळी मारली जातात. संध्याकाळी ते मांस ताटात येतं तेव्हा ती अक्राळविक्राळ रूपात घरात शिरते आणि शाप देते: या गावची माणसं समुद्रात बुडतील, कड्यावरून कोसळतील, आणि मेलेल्यांनी हातात हात धरले तर साऱ्या बेटाभोवती कडं होईल इतके जातील तोवर हे थांबणार नाही.

आमच्यातल्या सर्वांत धाकट्या मुलीला ही गोष्ट सांगायची होती, पण फक्त पहिला भाग. ‘ताई, ती सुटते, समुद्रात जाते, बस. तिथे तिचं सुख आहे. पुढचं रक्त कशाला?’ आमच्यातल्या थोरल्या ताईंचं म्हणणं उलट टोकाचं: ही गोष्टच नको. ‘अगं, पळवून आणून केलेला संसार आहे तो. समोर नऊ वर्षांची पोरं बसणार. त्यांना आपण हे प्रेम म्हणून सांगणार का?’

दोघींचंही मला पटत होतं, म्हणून मार्ग सुचेना. मग तिसरा प्रस्ताव आला: आपल्या परिचयाची उर्वशी घेऊ. दुसऱ्या लोकातून आलेली बायको, तिचं निघून जाणं, सगळं त्यात आहे. लोककथांच्या सूच्यांमध्ये ‘हंसकन्या’ नावाचा कल्पनाबंध, म्हणजे कथांमध्ये पुन्हा पुन्हा येणारी कल्पना, नोंदलेला आहे, आणि सीलबाई, जपानची पिसांच्या वस्त्राची स्वर्गकन्या, उर्वशी यांची तुलना अभ्यासक अनेकदा करतात. एका कुळातल्या म्हणून एकीच्या जागी दुसरी बसवता येईल, असं वाटणं साहजिक होतं.

मी पुन्हा वाचायला बसले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ९५ वं सूक्त, पुरूरवा आणि उर्वशी यांचा अठरा ऋचांचा संवाद. तो ‘थांब’ म्हणतो, ती नाही म्हणते. स्त्रियांशी सख्य टिकत नाही, त्यांची हृदयं लांडग्यांची असतात, हे ती स्वतः त्याला सुनावते. शतपथ ब्राह्मणात या संवादाभोवतीची कथा येते. तिथे उर्वशी स्वतः अटी घालून राहते, आणि अट मोडली जाते म्हणून जाते. ती कधीच कैदेत नव्हती. किल्ली कुणाच्या कमरेला नव्हती. कल्पनाबंध जुळतो, पण गोष्टीच्या पोटातला प्रश्न वेगळा. उर्वशीत माणसाला न पेलणारी अट आहे. सीलबाईत चोरी आहे आणि चोरीवर उभारलेलं घर आहे. सूची आपल्याला गोष्टीचे नातेवाईक दाखवते, हे तिचे उपकारच. त्यांच्यातली कोणती सांगायची ते मात्र सूची बघून ठरवता येत नाही.

शेवटी वाद थांबवून गोष्ट तीनदा सांगून बघायचं ठरलं. ओळखीची दहा-बारा माणसं, त्यात चार मुलं. एका बैठकीत फक्त पहिला भाग. दुसऱ्या बैठकीत पूर्ण, पण नवरा प्रेमळ असल्यासारखा सांगितलेला. तिसरीत पूर्ण, आणि चोरीला चोरी म्हणून.

पहिल्या बैठकीनंतर टाळ्या पडल्या. मोठ्यांचे डोळे ओलावले. एका मुलाने विचारलं, ‘मग तो बाबा परत दुसरी पकडून आणणार का?’ त्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण आम्ही गोष्ट जिथे कापली होती तिथे त्या माणसाला कुणी काही विचारलेलंच नव्हतं. दुसरी बैठक फसली. लोक चुळबुळत होते. प्रेमळ नवरा स्वप्न ऐकूनही मारतो कसा, हे कुणाला जुळेना, आणि ते बरोबरच होतं.

तिसऱ्या बैठकीत आमच्या धाकटीने चोरीचा प्रसंग अगदी साध्या शब्दांत सांगितला: ‘त्याने विचारलं नाही. उचललं आणि निघाला.’ मग पेटी, किल्ली, वर्षं. मग चूल आणि सुऱ्या. इथे ती आपसूक थांबली, आणि पुढच्याच रांगेतली एक लहान मुलगी स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, ‘म्हणजे तिला वेळ होता. घाईत नाही गेली.’

हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. किल्ली सापडल्यावर ती धावत सुटली, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण चूल विझवायला वेळ लागतो. एकेक सुरी उचलून ठेवायला वेळ लागतो. त्या वेळात मुलं आसपासच असणार. घरातली ही शेवटची आवराआवर हेच या गोष्टीचं काळीज आहे. ती कळली की शिकारीचा भाग अंगावर का येतो तेही कळतं. एकीकडे त्याच्या मुलांना इजा होऊ नये म्हणून सुऱ्या उचलून ठेवणारी ती, आणि दुसरीकडे तिची पिल्लं ओळखूनही सुरी चालवणारा तो. दुसरा भाग कापला तर पहिल्या भागातल्या सुऱ्या नुसत्या भांड्याकुंड्यांच्या यादीत जाऊन पडतात.

थोरल्या ताई त्या बैठकीनंतर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘असं सांगणार असाल तर माझी हरकत नाही. पोरांना कळतं चोरी कशाला म्हणतात.’ गोष्ट पूर्ण घ्यायची ठरली. प्रेमाचा एकही शब्द आम्ही पदरचा घातला नाही.

बाकीच्या पाच

त्यानंतरच्या निवडी भराभर झाल्या, कारण आता विचारायचं काय ते कळलं होतं: जो भाग सांगताना आपल्याला अवघड वाटतो तो काढला तर गोष्ट उभी राहते का? राहत नसेल, आणि तो भाग सांगायची आपली तयारीही नसेल, तर ती गोष्ट आपण घ्यायची नाही.

प्राचीन मेसोपोटेमियातल्या सुमेरची देवी इनाना पहिल्याच फेरीत पक्की झाली. इस्तंबूल आणि फिलाडेल्फियाच्या संग्रहालयांतले मातीच्या पाट्यांचे तुकडे जुळवून सुमेरी भाषेचे अभ्यासक सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी ही कथा उभी केली. इनाना सात दारांतून खाली जाते, प्रत्येक दारात अंगावरचं काही उतरवून देते, आणि शेवटी तिचं प्रेत खुंटीला लटकतं. तिला सोडवायला एन्की देव नखांतल्या मळापासून दोन जीव घडवतो. ते पाताळाच्या राणीशी लढत नाहीत. ती वेदनेने कण्हत असते, तेव्हा ते तिच्या शेजारी राहून तिच्या प्रत्येक कण्हण्याला साथ देतात. कुणीतरी आपलं दुःख ऐकलं म्हणून राणी प्रसन्न होते आणि प्रेत देऊन टाकते. चार हजार वर्षांपूर्वीच्या पाटीवर हे आहे, आणि ते आपल्याला वीस मिनिटांत सांगायला मिळतं याचा मला फार आनंद होतो.

सावित्री घ्यावी की नाही यावर शंका होती. सगळ्यांना माहीत, मग नवं काय? पण वनपर्वातली सावित्री वाचली की ऐकीव सावित्री मागे पडते. वर शोधायला ती स्वतः रथातून निघते. वर्षाची मुदत कळूनही निवड बदलत नाही. यमाच्या मागे चालताना ती रडत नाही, बोलत राहते: सात पावलं बरोबर चाललं की मैत्र होतं म्हणतात, आता आपण मित्र, तर ऐक. सासऱ्यांची दृष्टी, त्यांचं राज्य, वडिलांना शंभर पुत्र, मग स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र. चौथा वर देऊन बसल्यावर यमाकडे नाही म्हणायला जागाच उरत नाही. आम्ही व्रताचं माहात्म्य बाजूला ठेवून हा संवादच सांगायचा ठरवला.

इझानागी-इझानामी ही जपानची कथा, ७१२ साली लिहून झालेल्या ‘कोजिकी’तली. पाताळात गेलेल्या बायकोला, इझानामीला, बघू नकोस असं बजावलेलं असताना इझानागी कंगव्याचा दात पेटवून बघतो. या कथेमुळे बायकोला पाताळातून आणायला गेलेला ग्रीक कथेतला ऑर्फियस मागे पडला. दोन्हींत बघण्याची मनाई आहे, पण इथे बायकोला तोंड आहे. वाटेवर शिळा लोटल्यावर ती पलीकडून म्हणते, तुझ्या देशातली हजार माणसं रोज मारीन. तो म्हणतो, मी रोज दीड हजार जन्माला घालीन.

राहिल्या दोन, त्या जोडीने घेतल्या. भागवतातला ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकात जातो, तिथे गाणं चालू असतं म्हणून क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटून गेलेली असतात. जपानचा उराशिमा समुद्राखालच्या महालातून घरी येतो तर त्याला ओळखणारं कुणी उरलेलं नसतं. काळ निसटण्याची कल्पना एकच. पण ककुद्मीच्या कथेत ब्रह्मदेव हसून वर सुचवतो आणि रेवतीचं बलरामाशी लग्न लागतं, आणि उराशिमा पेटी उघडून क्षणात म्हातारा होतो. आधी ककुद्मी, लगेच उराशिमा, असा क्रम लावला.

पर्सेफनी शेवटच्या फेरीत गळली. जुना पाठ हाती होता, हक्काची अडचण नव्हती. पण पाचांपैकी एकालाही ती स्वतःहून सांगावीशी वाटली नाही. वाटून दिलेली गोष्ट पाठ होते, अंगात मुरत नाही. हे कारण कुणाला कच्चं वाटेल, मला ते पुरेसं वाटलं.

सीलबाईवर ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी शेवटचं काम झालं. शापाच्या प्रसंगात ती ताटातलं मांस हुंगून नवऱ्याचं डोकं ओळखते, आणि मग दोन्ही पिल्लांची नावं घेते: हारेकचा हात, फ्रेद्रिकचा पाय. धाकटी तिथे ‘तिची पिल्लं’ एवढंच म्हणत होती; परकी नावं, ऐकणाऱ्यांना अडखळायला होईल म्हणून. मी म्हटलं, नावं घे. गोष्टीत त्या क्षणापर्यंत ती नुसती सीलाची पिल्लं असतात. त्यांना नावं आहेत हे गावाला तेव्हा कळतं, आणि ऐकणाऱ्यालाही.

ध्वनिमुद्रणात ‘फ्रेद्रिक’ म्हणताना तिचा आवाज जरा फाटतो. आम्ही ती जागा पुन्हा घेतली, दुसऱ्या वेळी उच्चार स्वच्छ आला. दोन्ही ऐकून सगळ्यांनी पहिलीच ठेवली.